चूक. पुन्हा करा.

१२ जुलै

मॅडम यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाची एक बुटकी, चष्मेवाली मुलगी दुपारी काम करायला येते, तिचा मी बाप. घरात तिला आम्ही मुंगी म्हणतो. हे मी तुम्हाला सांगितलं असं तिला कळलं तर माझं काही खरं नाही, तेव्हा कृपा करून तुमच्यापाशीच ठेवा.

वजनकाटे दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. तीस वर्षं ठोकाठोकी करून कान गेले. फोनवर मी नुसता हो हो म्हणतो, आणि मग कशाला हो म्हणालात असं बायकोने विचारलं की गप्प बसतो. म्हणून पत्र. तुम्हाला लिहायचं म्हणून आज दुकान अर्धा तास उशिरा उघडतोय.

मुंगी गेल्या आठवड्यात चार दिवस घरी आली होती. त्यातले दोन दिवस झोपली आणि उरलेले दोन दिवस हात धूत होती. वडी संपवली साबणाची. विचारलं तर म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतात माझा हात स्वच्छ नाही." एकच प्रयोग पाचव्यांदा झाला म्हणे आणि पाचव्यांदा चुकला. मी म्हटलं, तुझा हात जन्मल्यापासून बघतोय, एवढा काही घाण नाही. तर हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांना तीच तेवढी हसते.

आता सरळ विचारतो. पोरगी या कामाची आहे का? तिला यातच पुढे जायचंय, संशोधन करायचंय, दुसरं काही ती मनातसुद्धा आणत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिलीच, त्यामुळे आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. ती कामाची नसेल तर तोंडावर सांगा. मला राग येणार नाही. तिच्या आईला येईल, पण ते मी बघून घेईन.

आपला,
मुंगीचा बाप


२० जुलै

महोदय,

पालकांची पत्रं मला येतात ती गुण वाढवून द्या म्हणून. मुलगी कामाची नसेल तर सांगा, असं लिहिणारे तुम्ही पहिलेच. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आमच्याकडे जांभळे जिवाणू आहेत. झाडांसारखेच उजेडावर जगतात, पण हवा लागली की त्यांचं ते काम बंद. म्हणून बाटली काठोकाठ भरायची, टोपण घट्ट लावायचं आणि दिव्यासमोर ठेवायची. दोन दिवसांत पाण्याला गर्द जांभळा रंग चढतो. एकोणीस वर्षांपूर्वी मला यातला एक अधू वाण सापडला. उजेड पकडायचं त्याचं एक प्रथिन बिघडलेलं आहे. भरपूर उजेडात तो ठीक असतो, मंद उजेडात मात्र रखडतो. चांगल्या वाणाला दोन दिवस लागतात तिथे याला पाच. तो का रखडतो हे शोधण्यातच माझी एकोणीस वर्षं गेली. मुलं माझ्या पाठीमागे त्याला 'मॅडमचा लाडका' म्हणतात. मला ऐकू येतं, पण मी ऐकलं असं दाखवत नाही.

नव्या मुलाला मी आधी हाच प्रयोग देते. चांगला वाण आणि लाडका, दोघांना मंद उजेडात शेजारी शेजारी ठेवायचं आणि पाच दिवस रोज बाटलीतला गढूळपणा यंत्रावर मोजायचा. उत्तर मला पाठ आहे, म्हणूनच देते. ते जुळलं की मुलाचा हात बसला.

तुमच्या मुलीचा लाडका दोनच दिवसांत जांभळा होतो. याचा अर्थ एकच, चांगल्या वाणाचा थेंब कुठून तरी त्यात जातोय. मी लाल पेन्सिलीने वहीत लिहिते, "चूक. पुन्हा करा." काल सहाव्यांदा लिहिलं. परवा ती मला म्हणाली, "मॅडम, कदाचित लाडकाच बदलला असेल." मी म्हटलं, "आधी आपला हात तपासावा बाई, मग जिवाणूला नावं ठेवावीत." कान लाल झाले तिचे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आहे. कामाची आहे. नजर तीक्ष्ण आहे, चिकाटी आहे, आणि न विचारता बाटल्या धुते. गेली चार वर्षं विभागप्रमुखपदाच्या व्यापात मी मुलं घेतली नव्हती. पुन्हा घ्यायला लागल्यावर पहिली हीच आली, हे माझं नशीब समजते. हात बसल्याशिवाय मी तिला सोडणार नाही.

आपली,
तिची मॅडम


९ ऑगस्ट

मुंगीच्या बाबांना,

तुमच्या पत्राची वाट न बघता लिहितेय, कारण मलाच राहवत नाही. जमलं! सातव्या वेळी जमलं. लाडका पाचव्या दिवसापर्यंत रखडला. आकडे माझ्या जुन्या आलेखावर असे बसले की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लाल पेन्सिल खणात टाकली आणि वहीवर शाईने सही केली.

विभागाच्या वार्षिक सभेत ती हे काम मांडेल. पुढच्या उन्हाळ्यात एका मोठ्या संस्थेत दोन महिने काम करायची संधी असते, तिथेही मी तिची शिफारस केली आहे. असली शिफारस मी नऊ वर्षांत केली नव्हती.

मला वाटलं होतं ऐकून ती उडी मारेल. पण म्हणाली, "जाऊ का मॅडम?" आणि गेली. दमली असणार. सहा वेळा चुकून सातव्यांदा जमवायचं म्हणजे जीव जातो. तुम्ही मात्र आनंद करा.

मॅडम


१७ ऑगस्ट

मॅडम,

तुमचं पत्र मी गल्लीत दोन्ही बाजूंना दाखवून आलो. शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, जिवाणू म्हणजे तेच ना, ज्यांनी माणूस आजारी पडतो? मी म्हटलं, ते वेगळे, आमचे उजेड खातात. त्याने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं.

एक विचारायचं होतं. मुंगीचंही पत्र आलं. त्यात एवढंच होतं, "बाबा, झालं एकदाचं." एरवी ही पोरगी दोन पानं त्या बाटल्यांबद्दल लिहिते आणि खालच्या ओळीत मी बरी आहे म्हणते. एवढी मोठी बातमी आणि एकच ओळ! तिची आई म्हणते काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, तुला सगळ्यातच बिनसलेलं दिसतं. तरी जरा लक्ष असू द्या. नीट जेवते का, एवढं बघा.

तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. कधी इकडे आलात तर निदान तुमच्या प्रयोगशाळेचे काटे तरी तपासून देईन.

मुंगीचा बाप


६ ऑक्टोबर

मॅडम,

मधे तुमचं पत्र नाही. कामात असाल. मुंगी लिहिते की काम फार आहे, सुट्टीत यायला जमणार नाही. तुम्ही तिला चांगलंच जुंपलेलं दिसतं. असो, तरुण आहे, राबू द्या.

आज दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून एक गंमत सांगतो. तिला मी हे जुलैतच सांगणार होतो, पण ती झोपली होती. माझ्याकडे पितळेचं एक किलोचं वजन आहे, माझ्या गुरूने दिलेलं. ते माझं प्रमाण. कुठलाही काटा आला की आधी ते ठेवून बघायचं. मागे एकदा एकाच आठवड्यात तीन दुकानदार भांडायला आले. म्हणाले, तुम्ही दुरुस्त केलेला काटा चुकतो. तिघांनाही मी हाकलून दिलं. तुम्हीच काटे नीट वापरत नाही म्हणून वर चार शब्द ऐकवले. चौथा आला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. एवढी सगळी माणसं एकाच बाजूला चुकतात होय? वजन उचललं आणि सरकारी कचेरीत नेलं. भरलं कमी! मी रोज सकाळी कापडाने घासून ते लख्ख करायचो, मॅडम. वीस वर्षं. प्रेमाने घासून घासून मीच ते झिजवलं होतं. तिन्ही दुकानदारांच्या घरी जाऊन माफी मागितली. दोघांनी चहा पाजला, एकाने दारच उघडलं नाही.

असं आहे. तिची आई विचारते, पोरीची तब्येत कशी आहे?

मुंगीचा बाप


२८ ऑक्टोबर

काय म्हणून तुम्हाला हाक मारावी कळत नाही, म्हणून नुसतीच सुरुवात करते.

तुमचं पत्र तीन आठवडे टेबलावर आहे. एवढं सगळं होऊनही तुम्ही मला एक वाकडा शब्द लिहिला नाहीत, वर पोरीची तब्येत मलाच विचारलीत. नुसती वजनाची गोष्ट सांगितलीत. शालजोडीतला असा मला आजवर कोणी दिला नव्हता. आणि मी त्याच लायकीची होते.

माझी बाजू तुम्हाला कधी सांगितली नाही. आता सांगते. ऑगस्टच्या अखेरीस मी सभेसाठी तिचे आलेख काढत होते. यंत्राजवळ एक वही असते, यंत्र वापरेल त्याने वेळ लिहायची. तिच्या सातव्या प्रयोगाच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी यंत्राचा दिवा उडाला होता. सोमवारपर्यंत यंत्र बंद. आणि तिच्या वहीत गुरुवारचेही आकडे होते, शुक्रवारचेही. मी तिला बोलावून विचारलं, "हे कशावर मोजलंस?" ती म्हणाली, "मोजलं नाही मॅडम. मनाने लिहिलं." रडली नाही. का लिहिलंस, असं मी विचारलं नाही. त्याच दुपारी शिस्त समितीला पत्र दिलं. खोटे आकडे हा आमच्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. आवडत्या विद्यार्थिनीलाही मी सोडलं नाही, याचा त्या दिवशी मला थोडा अभिमानसुद्धा वाटला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटला होता.

सप्टेंबरात समितीने तिला दोन वर्षांसाठी काढलं आणि कागदपत्रांवर शेरा मारला. तो शेरा असलेल्या मुलाला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करत नाही. हे सगळं कॉलेजच्या पत्रातून तुम्हाला कळलेलंच आहे.

तुमचं पत्र वाचून मी उठले आणि फ्रीझरमधून एकोणीस वर्षांपूर्वी गोठवलेली लाडक्याची कुपी काढली. ती जागी केली. मंद उजेडात एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला आमचा रोजच्या वापरातला लाडका. रोजचा दोन दिवसांत जांभळा झाला. कुपीतला पाचव्या दिवशी. मी पुन्हा केलं. तेच आलं. या वेळी हात माझेच होते, घाण म्हणायलाही दुसरं कोणी नव्हतं.

कसं झालं तेही सांगते. मुलं नव्हती त्या चार वर्षांत लाडका मी एकटीने सांभाळला. दर सोमवारी जुन्या बाटलीतला थेंब नव्या बाटलीत घालायचा, नाहीतर ते मरतात. पाच-सहा बाटल्या असायच्या. मी दर वेळी सगळ्यात सुंदर रंग चढलेली बाटली उचलायची आणि पुढच्या आठवड्यासाठी तीच धरायची. बाकीच्या मोरीत ओतायची. असे दोनशे सोमवार. ज्याचं काम रखडतं म्हणून मी त्याला पाळलं, त्यातले रखडणारे मीच फेकत गेले. कधीतरी एखाद्याचा बिघाड आपोआप दुरुस्त झाला असणार, आणि मी कौतुकाने त्यालाच पुढे आणलं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळायला हवं. मला कळलं नाही.

तुमची मुलगी सहा वेळा बरोबर होती. सहा वेळा तिने जे होतं तेच मोजलं आणि सहा वेळा मी त्यावर "चूक" लिहिलं. तिने तोंडाने सांगितलं तेव्हा तिलाच ऐकवलं. समितीकडे फेरविचाराचा अर्ज दिला आहे. काय होईल माहीत नाही. तुम्ही दोघं तिला जपा, एवढंच लिहायचं होतं. मी कोण सांगणारी, पण तरी.

मॅडम


३ नोव्हेंबर

मॅडम,

कॉलेजचं कुठलंही पत्र आम्हाला आलं नाही. वजनाची गोष्ट मी गोष्ट म्हणूनच लिहिली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून.

मुंगीची पत्रं दर पंधरा दिवसांनी येतात. मॅडमनी नवा प्रयोग दिलाय, मॅडम आज हसल्या, मॅडमनी स्वतः चहा करून दिला, असं त्यात असतं. शेवटचं पत्र गेल्या सोमवारी आलं. मी ते तुमच्या पत्राशेजारी ठेवून पुन्हा पुन्हा वाचतोय.

तुमचं पाकीट मुंगीच्या आईने आधी उघडलं. कालपासून ती माझी पिशवी भरून दारात बसली आहे.

मुंगी आत्ता कुठे आहे? कॉलेजने काढलं तर वसतिगृहात राहू देतात का? तुम्हाला माहीत असेल तर ताबडतोब कळवा. मी निघायच्या तयारीत आहे, पण कुठे जाऊ?


७ नोव्हेंबर

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मी वर्गावर होते. तास सोडून आले.

ऑफिसात विचारलं. मुलगी सज्ञान आहे म्हणून पत्र तिच्याच हातात दिलं म्हणाले. तुम्हाला कळलं असेल असं मी धरून चालले होते. एकदाही खात्री केली नाही. बातमी द्यायची ती अशी दिली, याबद्दल काय लिहू?

वसतिगृह तिने सप्टेंबरातच सोडलं. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहते. पत्ता मागे लिहिला आहे. बस स्थानकासमोर रक्त तपासणाऱ्यांची एक लॅब आहे, तिथे खिडकीवर बसून नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवते. काल मी तिथे गेले. रांगेत उभी राहिले, कारण दुसरं काय करावं सुचलं नाही. माझी पाळी आली तेव्हा तिने मान वर केली. मला वाटलं ओरडेल. ती फक्त म्हणाली, "मॅडम, उपाशीपोटी आलात का?" प्रत्येकाला विचारते तसं. मी म्हटलं, "तू बरोबर होतीस गं. सहाही वेळा." तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी येऊन बसली. मागचे लोक घाई करायला लागले, म्हणून मी बाहेर आले.

तुम्ही लवकर या.

मॅडम


२१ नोव्हेंबर

मॅडम,

तुम्हाला न भेटताच परत आलो, त्याबद्दल राग मानू नका. तुमच्या दारापर्यंत आलो होतो. मुंगीच्या आईने बजावलं होतं की मॅडमना चार शब्द सुनावून या. फाटकाशी उभं राहून आठवत बसलो काय सुनावायचं ते. मग मला त्या तीन दुकानदारांची आठवण झाली आणि वळलो.

मुंगी सुटली तेव्हा मी लॅबच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मला बघून ती आधी हसली, मग तिला कळलं की मला कळलंय. बाजूला रस्ता, गाड्या, फळवाल्यांचा आरडाओरडा. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोल. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. शेवटी ती बिचारी भर रस्त्यात ओरडली, "मी खोटे आकडे लिहिले बाबा! मी लिहिले!" लोक थांबून बघायला लागले. मॅडम, माझ्या बहिऱ्या कानांची मला आजवर लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

मी म्हटलं, पण तू खरी होतीस, मॅडमनी पत्रात लिहिलंय. ती म्हणाली, "सहा वेळा खरी होते. त्याने काय होतं?" पिशवी तिच्या हातातून घेतली आणि बस पकडली. वाटेत माझ्या खांद्यावर झोपली.

आता घरी आहे. तिच्या आईने तिला एकदाही काही विचारलं नाही. मुंगी हात मात्र पुन्हा पुन्हा धुते. समितीचं काय झालं? तिला त्याच कामात परत घेतलं तर बरं. दुसरं काही तिच्या डोक्यात नाहीच.

मुंगीचा बाप


१२ डिसेंबर

भाऊ,

समितीने अर्ज फेटाळला.

मी सगळं घेऊन गेले होते. कुपी, दोन्ही आलेख, तिच्या वह्या. अध्यक्षांनी सहाव्या प्रयोगाचं पान उघडलं आणि विचारलं, "ही लाल पेन्सिल कोणाची?" मी म्हटलं, "माझी." ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही चूक म्हणालात, आता बरोबर म्हणता." मी म्हटलं, "तेव्हा मीच चुकले होते." मग त्यांनी सातव्या प्रयोगाचं पान उघडलं. "या मुलीने हे आकडे मनाने लिहिले की नाही?" मी म्हटलं, "लिहिले. पण मी तिला तिथपर्यंत रेटलं." ते म्हणाले, "मॅडम, लिहिले ना? मग तुमच्या बाटल्यांचं आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, "मग मलाही शिक्षा करा." त्यावर सगळे हसले. "तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली, कशाला आता." एकाने तर पाण्याचा पेला पुढे केला. गंमत म्हणजे हा नियम मीच अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. खोटा आकडा आला की कारण विचारायचं नाही. माझ्याच शब्दांत त्यांनी मला तो वाचून दाखवला.

मी हात टेकले आहेत, भाऊ. या कॉलेजात माझा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत अशी माझी ख्याती, आणि जिथे तो लागत होता तिथे त्याचा उपयोग झाला नाही.

एकच गोष्ट माझ्या हातात उरली आहे. गेल्या चार वर्षांत मी जे छापलं ते बदललेल्या लाडक्यावर केलेलं होतं. ते चुकीचं आहे. मी नियतकालिकाला दुरुस्तीचं निवेदन पाठवते आहे. वाण बदलला आहे हे प्रथम कोणी मोजलं, हे मी त्यात स्पष्ट लिहिलं आहे: "एका विद्यार्थिनीने सहा वेळा अचूक मोजलं आणि सहाही वेळा मी ते नाकारलं." तिचं नाव माझ्या नावाच्या आधी येईल. त्यासाठी तिची सही लागते. कागद सोबत आहे. दोन वर्षांनी ती जाईल तिथे शेऱ्याशेजारी तिच्या हातात हे एक तरी असेल. तिला सांगा, माझ्यावर उपकार म्हणून सही कर. नाही, असं सांगू नका. तुम्हाला सुचेल तसं सांगा.

मॅडम


२ जानेवारी

मॅडम,

तुमचं पाकीट मिळालं. दोन आठवडे ते कपाटावर होतं. पाकिटावरचं अक्षर बघितलं की मुंगी उठून दुसऱ्या खोलीत जायची, म्हणून आम्ही विषय काढला नाही.

काल दुपारी जेवायला आलो तर ती खिडकीशी बसून कागद वाचत होती. शेवटपर्यंत वाचला. मग माझ्या खिशातली पेन्सिल मागितली. मला वाटलं सही करणार, म्हणून मी पेनच काढून दिलं. ती म्हणाली पेन नको. तुम्ही लिहिलेला 'सहा' तिने खोडला आणि वर 'सात' लिहिलं. दुसऱ्या ठिकाणीही 'सहाही' खोडून 'सातही' केलं.

मी म्हटलं, सातवा तर तू मनाने लिहिलास ना? तिने माझ्या कानाशी तोंड आणून सावकाश सांगितलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. सातव्या वेळीही तिने मोजलं होतं, मॅडम. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारीच बाटली गर्द जांभळी झाली. आकडे पहिल्या सहा वेळांसारखेच आले. हातांना इतका साबण लावला होता की कातडी सोलली होती, तरी तेच आले. गुरुवारी यंत्राचा दिवा गेला. मग तिने ते पान फाडलं आणि पाचही दिवसांचे तुमच्या जुन्या आलेखावरचे आकडे लिहिले.

मी म्हटलं, अगं, मग हे त्या समितीला का नाही सांगितलंस? मॅडमना का नाही? ती म्हणाली, "कोणी विचारलं नाही, बाबा."

तिची आई आतून आली आणि दारात उभी राहिली. आम्ही दोघांनी सांगून पाहिलं. मी रागावलो, मग गयावया केली. सही करत नाही. नाव नको म्हणते, त्या कागदावर नाही आणि दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. सोमवारपासून ती इथल्या कापडाच्या दुकानात कामाला जाणार आहे.

कागद परत पाठवतोय. सहाच्या जागी सात करून घ्या, बाकी सगळं बरोबर आहे, असं तिने सांगितलंय.

मुंगीचा बाप